बाद टाकी

टाकीचे तुकडे राजेश्वरी मडगुंडीच्या टेबलावर आले तेव्हा त्यांना अजून भाजलेल्या ज्वारीचा वास येत होता. पोलिसांनी ते पोत्यात भरून आणले होते. हवालदाराने पोतं खाली ठेवलं, पोचपावतीवर सही घेतली आणि दाराशी थांबून म्हणाला, "दोघी गेल्या, मॅडम. एक तर जागेवरच."

सोलापुरात विडी घरकुल वसाहतीच्या मागच्या गल्लीत बायकांचा एक गट कडक भाकऱ्या करायचा. कागदासारख्या पातळ, महिना महिना टिकणाऱ्या. सकाळी शेगड्या पेटवल्या, पहिली भाकरी तव्यावर पडली आणि कोपऱ्यातली हायड्रोजनची टाकी फुटली. पत्र्याचं छप्पर शेजारच्या कडुलिंबावर जाऊन अडकलं. रेणुका हत्तुरे आणि तिच्याजवळ पीठ मळत बसलेली कलावती, दोघी गेल्या. बाकीच्या बायका नळावर होत्या म्हणून वाचल्या.

घराघरातून जुन्या लोखंडी टाक्या जाऊन काही वर्षं झाली होती. मंगळवेढ्याच्या माळावर उन्हाच्या विजेने पाणी फोडून हायड्रोजन तयार व्हायचा आणि तोच आता सोलापूरच्या स्वयंपाकघरांत जळायचा. तो साठवायचा तर दाब प्रचंड लागतो. तेवढा दाब सोसणारी लोखंडी टाकी चार माणसांना उचलली नसती. म्हणून धाग्याची टाकी आली. आत प्लॅस्टिकचं अस्तर आणि त्याच्यावर राळेत भिजवलेला कार्बनचा काळा धागा, हजारो वेढ्यांनी घट्ट गुंडाळलेला. भरलेली टाकी एक माणूस खांद्यावरून नेऊ शकायचा. यंत्रमाग बंद पडल्यावर धाग्याची जाण असलेली माणसं या शहरात रिकामीच बसली होती, त्यामुळे वैनतेय इंधन कंपनीने कारखाना इथेच काढला.

पण धाग्याच्या टाकीचं दुखणं लोखंडापेक्षा वेगळं. लोखंडाला ठोका बसला तर पोचा दिसतो. धाग्याच्या टाकीला ठोका बसला तर वरचा रंग तसाच गुळगुळीत राहतो आणि आतले काही धागे तुटतात. त्यांचा भार शेजारचे धागे उचलतात. पुढच्या भरणीच्या वेळी त्यातले काही तुटतात. असं होत होत टाकी म्हातारी होते, आणि बाहेरून मात्र नवी दिसते. म्हणून नियम कडक होते. टाकी उभीच न्यायची, पिंजऱ्यात पट्ट्याने बांधून, तोंडावर टोपण लावून. उतरवताना खाली रबरी गादी हवी. पडलेली टाकी गिऱ्हाइकाला द्यायची नाही, लाल पट्टी बांधून परत न्यायची. आणि वय भरलेली टाकी मोडणी केंद्रात पाठवायची. तिथे उरलेला वायू हळूहळू सोडायचा, आत नायट्रोजन खेळवायचा, मग पंपाने टाकी निर्वात करायची आणि करवतीने मान कापायची. कापलेल्या टाकीत पुन्हा कुणी वायू भरू शकत नाही. वय भरलेल्या टाकीला सगळे 'बाद' म्हणायचे.

राजेश्वरीचं काम फुटलेल्या टाक्या वाचण्याचं होतं. दाबपात्र परीक्षण केंद्रात ती एकटीच ते करायची. कार्बनच्या धाग्यासोबत प्रत्येक टाकीत केसासारखा बारीक काचेचा धागा गुंडाळलेला असतो. त्याच्या एका टोकातून प्रकाश सोडला की जिथे जिथे इजा आहे तिथून त्याचा थोडा भाग परत फिरतो. किती वेळात फिरला यावरून इजा कुठे आहे ते कळतं. काचेच्या अंगावर राळेचे अतिसूक्ष्म फुगे असतात. ठोका बसला, ताण पडला किंवा आच लागली की तिथले फुगे फुटतात आणि सांडलेली राळ हळूहळू घट्ट होत जाते, कित्येक महिने. ती किती घट्ट झाली आहे हेही प्रकाश सांगतो. म्हणजे इजा कुठली, केवढी आणि किती जुनी, हे सगळं तुकड्यावरूनसुद्धा कळायचं. ही पद्धत बसवण्यात पुण्याला शिकत असताना राजेश्वरीचाही हात होता.

तिने मानेजवळच्या तुकड्यापासून सुरुवात केली. भरण्यांचे ताण एकावर एक दिसत होते, टाकी बाहेरच्या बाजूला फुगल्याचे. ते असणारच. पण त्यांच्यामध्ये एक वेगळीच खूण होती. त्या एका वेळी टाकीचं अंग आतल्या बाजूला ओढलं गेलं होतं. तिने यंत्र बंद केलं, पुन्हा सुरू केलं, दुसरा तुकडा घेतला. तीच खूण.

टाकी आतल्या बाजूला फक्त एकदाच ओढली जाते. मोडणी केंद्रात, निर्वात करताना. आणि या टाकीवर त्या खुणेनंतरही भरण्यांचे ताण होते. भरपूर होते.

ही टाकी बाद झालेली होती. पण तिची मान कुणी कापलीच नव्हती. रंग देऊन ती परत बाजारात सोडली होती. मोडणी केंद्र वैनतेयचंच होतं. परदेशातून येणारा कार्बनचा धागा वर्षभर अडला होता, तरी कंपनीच्या टाक्या कमी कशा पडत नाहीत, याचं आश्चर्य शहरात बऱ्याच जणांनी केलं होतं.

ही एकच टाकी थोडीच असणार?

मग तिने तळाचा तुकडा यंत्राखाली ठेवला. तळ जाड असतो, भरण्यांचे किंवा निर्वाताचे ताण तिथे उमटत नाहीत. पण तिथे एक ठोका होता. अगदी ताजा, राळ जेमतेम थिजलेली. स्फोटाच्या आदल्या दिवशीचा. ठोक्याच्या जोरावरून पडण्याची उंची साधारण गाडीच्या फाळक्याएवढी.

विडी घरकुलात टाक्या पोचवणारी गाडी तिचा धाकटा भाऊ अंबादास चालवायचा.

---

संध्याकाळी अंबादास जेवायला बसला होता. राजेश्वरीने विचारलं, "भाकरीवाल्या बायकांना टाकी तूच दिलीस ना?"

त्याचा हात ताटातच थांबला. "हो."

"पडली होती?"

त्याने घास ताटात परत ठेवला. मग म्हणाला, "पडली अक्का. बुडावर. गादी गाडीत नव्हतीच, कधीच नसते. उतरवायला जोडीला माणूस असायचा, तोबी काढला त्यांनी. मी एकटाच. हाताला घाम होता, सुटली."

"मग लाल पट्टी का नाही बांधलीस?"

"दोनदा बांधून नेलती ह्याच्या आधी. तिसऱ्यांदा नेली की मलाच गाडीवरनं उतरवतात. वरनं तर काय दिसंना. म्हटलं, एवढ्यानं काय होतंय." त्याने ताट बाजूला सारलं. "रेणुकाक्कानं मला भाकरीचे तुकडे दिले खायला. मी तिथंच उभं राहून खाल्ले."

तो उठला, हात धुतले आणि दाराशी जाऊन चपला घालू लागला.

"कुठं निघालास?"

"चौकीवर. सांगून टाकतो."

राजेश्वरीने त्याचा दंड धरला. "आधी ऐक माझं. चांगली टाकी दहा वेळा अशी पडली तरी फुटत नाही. ही आधीच बाद होती. त्यांनी ती परत भरली, पुन्हा पुन्हा भरली. ती आज नाही तर महिन्याभराने फुटलीच असती, कुणी हात न लावता. तू जाऊन पडली म्हणून सांगितलंस की बाकीचं कुणी ऐकणारच नाही. सगळं तुझ्यावर ढकलून मोकळे होतील."

"पण पडली तर खरीच ना?"

"पडली. पण त्या तुझ्यामुळे गेल्या नाहीत."

अंबादास चपला घालून तसाच उभा राहिला. मग त्याने त्या काढल्या आणि भिंतीला टेकून खाली बसला.

काही वर्षांपूर्वी राजेश्वरीने नवरा सोडला तेव्हा अंबादास कुणाचातरी टेम्पो घेऊन भिवंडीला आला होता. सासरची माणसं अंगावर धावून येत होती. त्याने कुणाला उत्तर दिलं नाही. तिचं कपाट, तिची पुस्तकं, तिचं शिलाई मशीन एकेक करून चढवलं आणि गाडी चालू केली. काय झालं, का झालं, हे त्याने वाटेत विचारलं नाही, नंतरही कधी विचारलं नाही. इंदापूरला चहा पाजून एवढंच म्हणाला होता, "झोप आता. घर आलं की उठवतो."

दुसऱ्या दिवशी राजेश्वरीने तळाचा तुकडा भट्टीत धरला. राळ जळून काच वितळेपर्यंत धरला. अहवालात तिने लिहिलं की तळाचा भाग आगीत जळाल्यामुळे वाचता येत नाही. बाकी सगळं जसं होतं तसं लिहिलं. निर्वाताची खूण, नंतरच्या भरण्या, रंगाचे दोन थर. तिला वाटत होतं की जे महत्त्वाचं आहे ते सगळं या अहवालात आहे.

---

रेणुकाचा नवरा शिवलिंगप्पा हत्तुरे केंद्रात आला तेव्हा त्याच्यासोबत सात-आठ वर्षांची मुलगी होती. गिरिजा. तिच्या एका कानाला पट्टी होती. स्फोट झाला तेव्हा ती गल्लीच्या तोंडाशी खेळत होती.

शिवलिंगप्पा खुर्चीवर बसला नाही. "मॅडम, कंपनीची माणसं घरी येऊन गेली," तो म्हणाला. "भरपाई देतो म्हणतात. पोरीचं शिक्षणबी करतो म्हणतात. फक्त तक्रार करायची नाही असं लिहून द्यायचं. मी अजून काय सांगितलं नाही त्यांना. आधी तुम्हाला विचारायचं होतं. कुणामुळं झालं हे?"

"कंपनीमुळे," राजेश्वरी म्हणाली.

"पक्कं?"

"पक्कं. बाद झालेली टाकी त्यांनी परत विकली. अशा आणखी किती घरांत असतील सांगता येत नाही."

त्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "मग नको त्यांचं काय. तुमच्या शब्दावर चाललोय बघा, मॅडम."

तो गेल्यावर ती दारापर्यंत गेली. त्याला बोलावून सगळं सांगावं असं एकदा मनात आलं. पण मग अंबादासचं नाव त्याच्या कानावर गेलं असतं, आणि हा माणूस आता कुणाचा तरी गळा धरायलाच निघाला होता.

शिवलिंगप्पाने भरपाई नाकारली. कलावतीच्या घरच्यांनाही त्याने थांबवलं. गल्लीगल्लीतून बायका रिकाम्या टाक्या घेऊन कंपनीच्या दारात बसल्या. वर्तमानपत्रांत 'बाद टाकी' हा शब्द रोज यायला लागला. चौकशी अधिकारी नेमले गेले. महिनाभर तरी असं वाटलं की कंपनीच्या कोठारातली प्रत्येक टाकी यंत्राखाली घालावी लागणार.

---

चौकशीच्या दिवशी कंपनीने आपली तज्ज्ञ आणली. केतकी रणदिवे. पुण्याच्या प्रयोगशाळेत ती आणि राजेश्वरी एकाच टेबलावर काम करायच्या. काचेवर राळेचे फुगे बसवायची युक्ती केतकीचीच. तिने राजेश्वरीकडे पाहून मान हलवली आणि समोरच्या टेबलावर एक काळा तुकडा ठेवला.

"हा लिंबाच्या खोडात रुतलेला मिळाला," ती चौकशी अधिकाऱ्यांना म्हणाली. "कंपनीच्या माणसांनी तो त्याच दिवशी काढून ठेवला होता. हा तळाचा आहे. परीक्षण केंद्राकडचा तळाचा तुकडा आपण मला जुळवून पाहायला दिलात. दोन्ही एकाच टाकीचे आहेत. या तुकड्यावर स्फोटाच्या आदल्या दिवशी बसलेला ठोका स्वच्छ दिसतो."

"म्हणजे टाकी पडली होती?"

"हो."

"केंद्राने तर हा भाग जळालेला आहे असं म्हटलंय."

केतकीने टेबलावरचा तुकडा उगाच थोडा सरकवला. तिला पुढचं बोलायचं नव्हतं हे राजेश्वरीला दिसलं. "जळालेला आहे," ती म्हणाली. "पण कडेला बोटभर काच शाबूत राहिलीय. तिच्यावर आचेच्या दोन खुणा आहेत. एक स्फोटाच्या दिवशीची. दुसरी नंतरची, काही दिवसांनंतरची. तेव्हा तुकडा केंद्राच्या ताब्यात होता."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. कंपनीचा वकील उठला. त्याने राजेश्वरीला एकच प्रश्न विचारला.

"ती टाकी पोचवणारा अंबादास मडगुंडी तुमचा कोण?"

"भाऊ," ती म्हणाली.

मागच्या रांगेत शिवलिंगप्पा उभा राहिला. तो ओरडला नाही. फक्त उभा राहून तिच्याकडे बघत राहिला.

"साहेब, ठोक्याने ती टाकी फुटली नाही!" राजेश्वरीचा आवाज चढला. "मानेजवळचे तुकडे बघा. निर्वाताची खूण बघा! ती टाकी मोडणी केंद्रातून परत आलेली आहे. ते खोटं नाही!"

वकील शांतपणे म्हणाला, "निर्वात करायचा पंप आपल्या प्रयोगशाळेतही आहे ना, मॅडम? भट्टी आहे, तसा पंपही असेलच."

"तुकडा कसा निर्वात करणार? त्याला अख्खी टाकी लागते!"

"अख्ख्या टाक्याही तुमच्याकडे येतात. यातला कुठला तुकडा कुठल्या टाकीचा, हे आता तुमच्याखेरीज कोण सांगणार? आणि तुमचं आम्ही का ऐकायचं?"

चौकशी अधिकाऱ्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. ते वाईट गृहस्थ नव्हते. महिनाभर त्यांनी बायकांची गाऱ्हाणी मन लावून ऐकली होती. पण केंद्राच्या ताब्यातला एकही तुकडा पुरावा म्हणून धरता येणार नाही, असं त्यांना म्हणावंच लागलं. उरला लिंबात सापडलेला तुकडा, आणि त्याच्यावरचा तो एकटा ठोका.

बाहेर पायऱ्यांवर केतकीने तिला गाठलं. "मला त्यांनी फक्त तळ दिला होता," ती म्हणाली. "आत्ता मी साहेबांकडे वरचे तुकडे मागितले. मी वाचते म्हटलं, कंपनीची तज्ज्ञ म्हणून नाही, नुसतीच वाचते. नाही म्हणाले. तुझ्या हातातून गेलेत म्हणून." तिचे डोळे भरले होते. "तू तळ तसाच का नाही ठेवलास, राजी? मी शपथेवर सांगितलं असतं की एवढ्या ठोक्याने चांगली टाकी फुटत नाही. मग वरचे तुकडे आपोआप माझ्या हातात आले असते."

राजेश्वरी पायऱ्या उतरू लागली.

---

अंबादासला त्याच दिवशी संध्याकाळी नेलं. पडलेली टाकी जाणूनबुजून दिली आणि त्यामुळे दोन जीव गेले, असा आरोप होता. त्यातलं पहिलं खरं होतं, त्याने ते कबूल केलं. टाकी पडल्याचं बहिणीला माहीत होतं हेही त्याने विचारल्यावर सांगितलं. खोटं त्याला कधी जमलंच नव्हतं. त्याला शिक्षा झाली. राजेश्वरीची नोकरी गेली. तिच्यावरही खटला भरला, तो चालू राहिला आणि ती जामिनावर सुटली.

कंपनीने गाड्यांमध्ये रबरी गाद्या ठेवल्या, त्यांचे फोटो छापून आणले. मोडणी केंद्राच्या दारापर्यंत कुणी गेलं नाही. टाक्या पूर्वीसारख्याच घरोघर जात राहिल्या, नव्या कोऱ्या रंगाच्या.

तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत अंबादास जाळीपलीकडे बसला. तो वाळला होता. राजेश्वरी वकिलाबद्दल, अपिलाबद्दल बोलत राहिली. त्याने ऐकून घेतलं.

मग तो म्हणाला, "मी निघालो होतो अक्का. चपला घातल्या होत्या."

"मला तुला वाचवायचं होतं रे."

"मी कुठं म्हटलं होतं वाचव म्हणून?" त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. "मी सांगितलं असतं तर आत्ता आहे तिथंच असतो. पण तुझं खरं तुझ्यापाशी राहिलं असतं. त्या बायकांसाठी कोण तरी राहिलं असतं." तो उठला. "पुढच्या महिन्यात येऊ नकोस. मला नाही जमत तुझ्याशी बोलायला."

---

उन्हाळ्याच्या तोंडाला ती विडी घरकुलात गेली. काय बोलायचं ते तिने वाटेत ठरवलं होतं, पण शिवलिंगप्पाच्या दाराशी पोचल्यावर ते सगळं विसरलं. दार उघडंच होतं. तो ओट्यापाशी कणीक मळत होता. गिरिजा शाळेच्या गणवेशात पाटावर बसून जेवणाची वाट बघत होती.

त्याने तिला ओळखलं. आत या म्हणाला नाही.

"मी तळाबद्दल खोटं लिहिलं," राजेश्वरी पायरीवरून म्हणाली. "तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही. पण वरचं सगळं खरं होतं. टाकी बादच होती. एवढंच सांगायला आले."

तो कणीक मळत राहिला. "खरं असंल," थोड्या वेळाने तो म्हणाला. "पण आता मी ते कुणाला सांगू? कलावतीची सासू माझ्याशी बोलत नाही. भरपाई घेऊ दिली नाही म्हणून. परत मागायला गेलो तर कंपनीचा माणूस हसला."

ओट्याखाली निळी टाकी उभी होती. रंग झकास चमकत होता. राजेश्वरीची नजर तिच्यावरच खिळली.

"ही कधी आली?"

"काल."

"मला एकदा बघू द्या. यंत्र नाही माझ्याकडे. पण मानेजवळ रंगाचा दुसरा थर असला तर—"

"बघून काय सांगणार?" शिवलिंगप्पाने पहिल्यांदा वर पाहिलं. "चांगली आहे म्हणालात, तर मी ऐकू? बाद आहे म्हणालात, तर ऐकू? आणि ऐकलंच, तर दुसरी कुठनं आणू? तीबी त्यांचीच येणार."

तिने नजर टाकीवरून काढली.

त्याने पोळपाट मांडला, तवा ठेवला. मग मुलीकडे वळून म्हणाला, "गिरिजा, जा. रस्त्यावर जाऊन थांब."

गिरिजा काही न विचारता उठली. राजेश्वरीच्या बाजूने निघून, गल्ली ओलांडून ती पलीकडच्या भिंतीपाशी गेली आणि बरा कान झाकून उभी राहिली. रोजची सवय असावी तशी. शिवलिंगप्पाने टाकीची चावी फिरवली, शेगडीवर काडी धरली आणि मान दुसरीकडे केली.

शेगडी पेटली. तो थोडा वेळ तसाच थांबला. मग त्याने तव्यावर पोळी टाकली आणि हाक मारली, "ये गं आता."

मुलगी धावत आत गेली. राजेश्वरी पायरीवरच उभी होती. तिला कुणी जा म्हणालं नाही.